बाईंनी दिलेली आजी

बाई आधी चपला बघायच्या. माणूस दारात उभा राहिला की त्यांची नजर खाली जायची, तिथे जरा वेळ रेंगाळायची, आणि मग वर यायची ती सगळं कळल्यासारखी. आमच्या चपला पाहून त्या म्हणाल्या, "नव्या घेतल्यात. आजच. त्या घालून शाळेत जाऊ नका. तिथे नव्या चपला घालून फक्त घाबरलेली माणसं येतात."

ही आमची पहिली भेट. पुण्याच्या कॅम्पात एका बेकरीच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर बाई राहायच्या आणि शिकवण्या घ्यायच्या. पण मुलांच्या नाही, आईबापांच्या. तेव्हा मोबाईल अजून सगळ्यांच्या हातात आले नव्हते आणि पुण्यातल्या काही जुन्या इंग्रजी शाळांत शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी मुलाबरोबर आईबापांचीही मुलाखत होत असे. त्या मुलाखतीची तयारी बाई करून घेत. मुलांना त्या जिना चढू देत नसत. "मूल कधी नापास होत नाही," म्हणायच्या. "आईबाप होतात."

मी महापालिकेच्या शाळेत शिकलेली, सरकारी कार्यालयात टायपिस्ट. नवरा लोणी काळभोरचा, हडपसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्याच्या हाताखाली काम शिकलेली पोरं निव्वळ इंग्रजीच्या जोरावर त्याच्या वर गेली होती. घरी येऊन तो काही बोलायचा नाही, पण आमची जुई चालायला लागली तेव्हापासून त्याच्या डोक्यात कॅम्पातली ती दगडी शाळा होती. त्याच्या मनात होती तेवढीच माझ्याही.

बाई साठीच्या आसपास असतील. इस्त्रीची सुती साडी, पायांत मोजे, केस मागे घट्ट बांधलेले. मराठी इतकी स्वच्छ की आपलीच आपल्याला मळकी वाटावी; इंग्रजी त्याहून स्वच्छ. त्यांची मातृभाषा कोणती, हे आम्ही नवरा-बायको परतीच्या बसमध्ये दर वेळी ठरवायचो आणि दर वेळी ते बदलायचं. बाहेरची खोली मुख्याध्यापिकेच्या खोलीसारखी लावलेली होती. मोठं टेबल, मागे उंच पाठीची खुर्ची, समोर दोन बुटक्या खुर्च्या. टेबलामागे जाऊन बसल्या की बाईंचा आवाज बदलायचा. त्याला नक्कल म्हणता येणार नाही. नकलेत मागचा माणूस दिसत असतो. इथे बाई दिसेनाशा व्हायच्या आणि त्या खुर्चीत दुसरंच कुणी बसलेलं असायचं. ते कुणीतरी आमच्याकडे बघायचं तेव्हा मी आपोआप सावरून बसायचे.

घरात एक खूप म्हातारी बाई होती. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. ती पाणी आणून ठेवायची आणि भिंतीला धरून आत जायची. बाई तिला "आया" म्हणत. म्हातारी बाईंना "बाईसाहेब" म्हणायची.

"तुम्ही हसताना तोंडावर हात घेता," बाई मला म्हणाल्या. "हात घेणारी आई तिथे चालत नाही. आणि अहो, तुम्ही. उत्तर द्यायच्या आधी बायकोकडे बघू नका. त्यांच्यातले नवरे बघत नाहीत." त्यांच्यातले म्हणजे कुणातले, हे विचारायची गरज नव्हती.

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण?"

"आम्ही तिघं आणि सासूबाई."

"मुलीला गोष्टी कोण सांगतं?"

"सासूबाईच."

"कसल्या?"

नवरा म्हणाला, "शेतातल्या. म्हसोबाच्या, भुताच्या."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "आणि तुमची आई?" त्यांनी मला विचारलं.

"मी कॉलेजात असतानाच गेली."

"काय करायच्या?"

"लोकांकडे पोळ्या लाटायची."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहून, तरीही आवाज न बदलता, "म्हणजे जागा रिकामी आहे. तिथे दुसरी आजी आणता येईल."

दिव्याचा बल्ब बदलायचा असावा तसं त्या बोलल्या. ही आजी कशी असेल तेही त्यांनी सांगितलं. उंच, आखूड पांढरे केस, खांद्यावर हिरवी शाल. रोज मुलीला इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवते. तिला ग्रॅनी म्हणायचं.

"नाव काय सांगायचं?" नवऱ्यानं विचारलं.

"नाव नको. नाव दिलं की माणूस कुणाचं तरी होतं."

"पण हे सगळं खोटं बोलायचं म्हणजे..."

"खोटं बोलायचं नाहीच," बाई म्हणाल्या. "खोटं लक्षात ठेवावं लागतं. तुम्ही तिला घरी घेऊन जा. एक खुर्ची तिच्यासाठी ठेवा. रोज एकदा मुलीसमोर तिच्याबद्दल बोला. आज ती काय म्हणाली, कुठली गोष्ट वाचली. मुलाखतीपर्यंत ती झालेली असेल."

घरी हे सांगायचं कसं, याची आम्हाला धास्ती होती. सासूबाई भाजी निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग ठेवा की ती. मी काय मुलाखतीला चाललीय व्हय?" नात त्या शाळेत जावी असं आमच्याइतकंच त्यांनाही वाटत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच ती रिकामी खुर्ची फडक्यानं पुसायच्या. पुसताना खुर्चीला म्हणायच्या, "सरका जरा."

मुलाखतीत सगळं बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. मुख्याध्यापिकेनं जुईला एक चित्र दाखवलं, दोन रंग विचारले आणि मग आमच्याकडे वळून गोष्टी कोण सांगतं म्हणून विचारलं. मी ग्रॅनीबद्दल बोलायला लागले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या हसून म्हणाल्या, "उंच आहेत ना त्या?" मी हो म्हटलं. एखाद्या जुन्या ओळखीच्या बाईची खुशाली कळावी तशी त्यांनी मान हलवली. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "उंचीचं आपण सांगितलं होतं का गं?" प्रवेश मिळाल्याची बातमी आली आणि तो प्रश्न पेढ्यांत विरून गेला.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ती खुर्ची उचलून गच्चीच्या जिन्याखाली ठेवली. शाळेतून आलेली जुई त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. म्हणाली, "ग्रॅनी कुठे बसणार?"

"ग्रॅनी गेली बाळा तिच्या घरी."

जुईनं माझ्याकडे पाहिलं. मूल मोठ्या माणसाची कीव करतं तेव्हा कसं बघतं, ते तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून ती झोपताना भिंतीला चिकटून झोपायला लागली. अर्धा पलंग मोकळा.

आधी आम्ही हसण्यावारी नेलं. पोरांच्या असतात अशा कल्पना. मग जुई मराठी बोलेनाशी झाली. शाळेत बोलायची नाहीच, घरीही नाही. सासूबाईंनी भात वाढला की ओठ घट्ट. मी विचारलं तर इंग्रजीत एखादा शब्द. इतक्या लहान पोरीला एवढं इंग्रजी येत नव्हतं, म्हणून बहुतेक वेळ ती गप्पच असायची. शेवटी एका दुपारी मी तिला मांडीवर घेऊन विचारलं, तेव्हा ती अगदी हळू, पुटपुटल्यासारखं मराठीत म्हणाली, "मी बोलले की ग्रॅनी तोंडावर हात ठेवते. गार असतो." एवढं बोलून तिनं मान मागे घेतली. आपण कुणाचा हात चुकवतो तशी.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. दोन-चार दिवसांनी शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभी होते. शेजारी वाघोलीची एक बाई होती. जमीन बिल्डरला दिलेलं घर, दंडापर्यंत सोनं, आणि बाकीच्या बायका तिच्यापासून हातभर लांब. तिची आणि माझी ओळख त्या अंतरामुळेच झालेली. आमच्या दोघींच्या पोरी फाटकातून हात धरून आल्या. तिची म्हणाली, "ममी, जुईकडे पण ग्रॅनी येते."

"सेम ग्रॅनी," जुई म्हणाली.

"हँड कोल्ड," ती म्हणाली आणि स्वतःचा तळवा स्वतःच्या ओठांवर ठेवून दाखवला. जुईनं मान डोलावली. दोन म्हाताऱ्या एकाच दुखण्याबद्दल बोलाव्यात तशा त्या पोरी बोलत होत्या.

वाघोलीच्या बाईचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बेकरीमागच्या मॅडमकडं गेला व्हता काय तुमी?"

मी हो म्हटलं.

"आमाला पन तीच दिली," ती म्हणाली. "हिरव्या शालीवाली."

माझ्या स्वतःच्या बाबतीत जे होत होतं ते याहून वाईट होतं. मला माझी आई आठवेनाशी झाली होती. पिठानं पांढरे झालेले तिचे हात, संध्याकाळी दारातून आत येताना मारलेली हाक, हे सगळं मी कधीही डोळे मिटून बघू शकत होते. आता डोळे मिटले की दारातून कुणीतरी उंच आत यायचं. हाक मराठीत नसायची.

सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढून पाहिली. लोणीच्या एका देवळातला अंगारा आणला. काहीच होईना तेव्हा त्या म्हणाल्या, "मला त्या बाईकडं घेऊन चला. जिनं धाडली तिलाच इचारू."

एका दुपारी आम्ही दोघी गेलो. बाईंनी दार उघडलं, सवयीनं खाली पाहिलं. सासूबाई अनवाणी होत्या. चपला जिन्यातच काढून ठेवल्या होत्या. बाई बाजूला झाल्या. सासूबाई आत जाऊन सरळ जमिनीवर बसल्या. बुटक्या खुर्च्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हातारी पाणी घेऊन आली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "ह्या तुमच्या कोन?"

"आया," बाई म्हणाल्या.

"नाकडोळं तर एकच हायेत."

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. "बाईसाहेबांना कामं आहेत," ती म्हणाली. "तुम्ही निघा आता."

बाई टेबलामागे गेल्या नाहीत. आमच्यासमोरच्या बुटक्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत त्यांना मी प्रथमच पाहत होते आणि त्या एकदम लहान दिसायला लागल्या. मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं.

त्यांचे वडील इथल्याच एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर बबर्ची, म्हणजे स्वयंपाकी, होते. स्वातंत्र्यानंतर साहेब विलायतेला निघून गेला, पण वडिलांच्या डोक्यातून बंगला गेला नाही. मुलीला त्या दगडी शाळेत घालायचंच. शाळेत विचारलं, मुलीला कोण वाढवतं? वडिलांनी साहेबाच्या म्हाताऱ्या आईचं वर्णन करून सांगितलं. उंच, आखूड केस, हिरवी शाल. ती मडम हिला नात मानते, तीच शिकवते. ती तर कधीच बोटीनं परत गेली होती. मग शाळेतल्या बाईंनी विचारलं, आणि ही कोण? मुलीला कडेवर घेऊन जी उभी होती ती. वडील म्हणाले, ही आया.

"संध्याकाळी घरी आलो," बाई म्हणाल्या, "तर ती आमच्याआधी येऊन बसलेली होती."

"कोन?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्याकडे येते ती."

खोलीत उन्हाची तिरीप होती, खाली बेकरीत कुणीतरी पत्र्याचे ट्रे आपटत होतं. भर दुपार. तरी मी पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"मी तिला कुठून आणली नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे होती तीच दिली. वाटलं, चार घरांत वाटून टाकली तर इथून कमी होईल."

"झाली का?" मी विचारलं.

बाई खाली स्वतःच्या मोज्यांकडे बघायला लागल्या.

सासूबाई म्हणाल्या, "एकडाव आईला आई म्हना. तोंडानं. जाईल ती."

बाईंनी म्हातारीकडे पाहिलं. तोंड उघडलं. "आ" एवढंच आलं. मग त्यांचे ओठ दाबले गेले. त्यांनी मिटले नाहीत. बाहेरून दाबले गेले, सपाट झाले, आणि गाल दोन्ही बाजूंना सरकले. डोळे मोठे होऊन आमच्यावर खिळले होते. बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. मी ते नीट पाहिलं, म्हणून सांगते आहे.

म्हातारी पुढे आली. बाईंच्या डोक्यावरून हात फिरवला. "नको गं," ती म्हणाली. "राहू दे." बाईसाहेब म्हणाली नाही.

त्याच वर्षी, परीक्षेच्या आधीच, आम्ही जुईला शाळेतून काढलं. नातेवाईक म्हणाले, झेपलं नाही. आम्ही म्हणू दिलं. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. शाळा सोडायची नाही, त्या ग्रॅनीला घालवायचं, असं त्यांचं म्हणणं. पण नवरा पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलला, "पोरगी बोलली पाहिजे." हडपसरच्या मराठी शाळेत जुई पहिले काही दिवस मुकीच होती. मग एका दुपारी खेळून आली आणि सासूबाईंना म्हणाली, "आजी, पाणी दे." सासूबाईंनी पाणी दिलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. ग्रॅनीचं मी विचारलं तर जुई म्हणाली, "ती शाळेतच राहिली." त्या रात्री ती पलंगभर हातपाय पसरून झोपली. माझ्या आईची हाक मात्र मला पूर्वीसारखी पुन्हा ऐकू आली नाही. हात दिसतात. आवाज येत नाही.

वाघोलीच्या बाईनं मुलीला तिथेच ठेवलं. "येवढी जमीन गेली, पोरीला तरी मिळू दे कायतरी," म्हणाली. पुष्कळ वर्षांनी त्या दोघी मला खराडीच्या एका दुकानात दिसल्या. मुलगी उंच, देखणी, मोबाईलवर इंग्रजीत बोलत पुढे चाललेली. आई दोन पिशव्या घेऊन मागे. मी आईला हाक मारली. ती थांबली, माझ्याकडे बघून हसायला लागली, आणि मुलीनं वळून पाहताच पिशव्या सावरत पुढे गेली.

बाईंनी शिकवण्या बंद केल्या, असं आम्ही ऐकलं. मी त्या गल्लीकडे फिरकले नाही. सासूबाई मात्र जात होत्या, हे मला फार उशिरा कळलं. दुपारची बस पकडायच्या, म्हातारीजवळ स्वयंपाकघरात बसायच्या आणि मी कार्यालयातून यायच्या आत घरी परत. काय बोलायचात म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई. शेंगा सोलायचो."

एका सकाळी माझ्या कार्यालयात बाईंचा फोन आला. नेहमीच्याच स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "आया उठत नाही." मी रिक्षानं घरी जाऊन सासूबाईंना घेतलं आणि आम्ही दोघी गेलो.

आतल्या खोलीत म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगावरचं पांघरूण बाईंनी नीट केलेलं होतं. गल्लीतले डॉक्टर आले होते. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि दाखला लिहायला टेबलापाशी बसले. बाई उभ्या होत्या.

"नाव काय लिहू?" डॉक्टरांनी विचारलं.

"आया," बाई म्हणाल्या.

"पूर्ण नाव सांगा. मी इतकी वर्षं कागदावर आयाच लिहीत आलो. आता तसं चालणार नाही."

बाईंनी आधी वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मग थांबल्या. डॉक्टरांनी पेन तसंच धरून ठेवलं. "माझ्या शाळेच्या कागदांवर आईच्या जागी दुसरंच नाव आहे," बाई म्हणाल्या. "घरात वडील तिला नावानं हाक मारत नसत." तेव्हा सगळ्यांना समजलं. त्यांना ते नाव ठाऊकच नव्हतं.

"सोनाबाई," सासूबाई म्हणाल्या.

बाई वळल्या. "काय म्हणालात?"

"सोनाबाई. माहेर जुन्नरकडचं. दोन भाऊ व्हते, पाठोपाठ गेले. मी इचारलं तवा सांगितलं तिनं." आणि मग डॉक्टरांना, "लिवा. सोनाबाई."

डॉक्टरांनी लिहिलं. बाई आतल्या खोलीत गेल्या. पलंगाशेजारी जमिनीवर बसल्या. इस्त्रीच्या साडीसकट, मोज्यांसकट. मला वाटलं पुन्हा ओठ दाबले जातील, आणि मी दारातच थांबले. पण बाईंनी ते नाव घेतलं. "सोनाबाई." ओळख करून घेताना घ्यावं तसं, जरा चाचरत. मग पुन्हा घेतलं. तो आवाज टेबलामागचा नव्हता आणि टेबलापुढचाही नव्हता. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मी पुढे जाणार होते. सासूबाईंनी मला धरलं. "बोलू दे तिला," म्हणाल्या.

शेजारची माणसं जमली, तिरडी बांधून झाली, तरी बाई ते एकच नाव घेत बसल्या होत्या. कधी हाक मारल्यासारखं, कधी आपलं आपल्याशी. चौघांनी उचललं तेव्हा त्या जिन्यापर्यंत मागोमाग गेल्या आणि वरूनच एकदा मोठ्यानं म्हणाल्या, "सोनाबाई." मी त्यांच्या शेजारी उभी होते. आई हा शब्द त्यांना तेव्हाही म्हणता आला नाही.